कोंबडीबाई अंड्यांवर बसलीय

दाण्याच्या खोलीच्या दाराला तांबडं फडकं लागलं की आमच्या घरात जिभा आवरायच्या. खोकला आला तर गिळायचा, शिंक आली तर मागच्या कुंपणापर्यंत पळायचं, भांडण आलं तर फडकं उतरेपर्यंत तोंडात धरून ठेवायचं. मला भांडण धरून ठेवायची सवय नाही. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मीसुद्धा शिकले. पोटापुढे कुणाचं चालतं?

त्याआधी आमच्या घराएवढं गोंगाटाचं घर गावात दुसरं नव्हतं. पत्र्याच्या दोन लांबलचक शेड, आणि त्यांत कोंबड्याच कोंबड्या. उजाडायच्या आधीपासून कलकलाट. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले तेव्हा मला झोपच लागेना. आई म्हणाली, "होईल सवय. ज्या दिवशी ह्या गप्प होतील ना, त्या दिवशी झोप उडेल तुझी." तसंच झालं. म्हातारीची जीभ काळी होती, ती स्वतःच म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर कोंबड्यांवर रोग आला. पांढरे झगे घातलेली, तोंडं बांधलेली माणसं आली. आमच्या कोंबड्या धडधाकट होत्या, चांगल्या टिपून खात होत्या, पण त्याचं त्यांना काय? शेजारच्या गावात रोग आला म्हणजे आमच्याकडच्याही मारायच्या. माना मुरगळल्या, पोती भरली, मागच्या खड्ड्यात टाकली, वर चुना. माझा धाकटा भाऊ खड्ड्याच्या कडेला उभा होता, हातात दाण्याचं घमेलं तसंच. एकजण त्याला म्हणाला, "बाजूला व्हा." तो झाला बाजूला. पुन्हा पक्षी कधी आणायचे ते वरून कळवू, म्हणाले. वर म्हणजे कुठे, देव जाणे. अजून कळलेलं नाही.

भाऊ लाकडाच्या वखारीत ओंडके उतरवायला जायला लागला. मी रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायला. दोन्ही कामं अशी की आज आहे तर उद्या नाही. वखारवाला सकाळी फाटकातूनच हात हलवून त्याला परत पाठवायचा. जो माणूस काल-परवापर्यंत दोन शेडचा मालक होता, त्याला साधा शब्दसुद्धा खर्च करायचा नाही मेला. रोजच्या रोज चूल पेटेल असं कमावणारं घरात एकच माणूस उरलं. ती माझी भावजय.

लग्नाआधी ती शहरात बालवाडी शिकवायची. आमच्याकडे आली आणि अंडी वेचायला लागली. तिला इंग्रजी येतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो, आणि मला वाटतं तीही विसरली होती. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, परदेशातल्या लहान मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवायचं काम आहे. कॉम्प्युटरवरून. मला घेतील असं वाटतंय."

मी म्हटलं, "का? त्यांच्याकडचे मास्तर मेले का?"

ती हसली. आणि घेतलं की तिला!

तिच्या माहेरून जुना लॅपटॉप आला. दाण्याची खोली रिकामीच होती, दाणे खायला होतं कोण? भावानं ती झाडून घेतली आणि चारी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. पुठ्ठ्याचे ते ट्रे ढिगानं पडून होते. त्यानं बाहेरचा आवाज आत येत नाही, असं त्याला वखारीत कुणीतरी सांगितलं होतं. खरंच येत नव्हता. तिच्या पाठीमागे एक निळी चादर ताणून बांधली, म्हणजे पडद्यावर ट्रे दिसायला नकोत. अंगात कंपनीनं पाठवलेला पिवळाधमक सदरा. वर पत्रा तापलेला, आणि पंखा लावायचा नाही, कारण पंखा घरघरतो. म्हणून ती पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून बसायची. कमरेच्या वर हसरी मास्तरीण आणि खाली भिजलेले, सुरकुतलेले पाय.

पण शिकवायची काय! मी दाराच्या फटीतून बघायची. घरात ही बाई सात वेळा विचारलं तर एकदा उत्तर देणारी, आणि तिथे बसली की डोळे मोठे करायची, गाल फुगवायची, बेडकासारखी टुणकन उडायची. दर मुलाचा धडा वेगळा. एका मुलीला घोडे आवडायचे, तर तिचं सगळं इंग्रजी घोड्यांतून. घोडा झोपला, घोडा रुसला, घोड्याच्या पोटात दुखतंय. ती मुलगी इतकी खिदळायची की मला एक अक्षर न कळता हसू फुटायचं. धडा संपला की मुलांच्या आया पडद्यावर तारे दाबायच्या. तारे चांगले पडले तर मुलं राहणार, कमी पडले तर दुसऱ्या मास्तरणीकडे जाणार. मुलं गेली की काम गेलं. एवढंच होतं ते. आमची चूल त्या ताऱ्यांवर होती.

आई तिला पडद्यातली राणी म्हणायची. "राणीसाहेब बाहेर आल्या का? मग मी खोकू का?" असं विचारायची आणि मग भांडी हादरतील इतकी खोकायची.

आवाज तिच्या कानाला येत नव्हते, पण लॅपटॉपमधून ऐकणारी कंपनीची यंत्रं मोठी वाईट. बारीकसा आवाजही धरायची. म्हणून धडा सुरू झाला की दाराला तांबडं फडकं, आणि घरातला एकेक आवाज आम्ही काढून टाकला. कुत्रं वखारीत देऊन टाकलं. फाटकाच्या बिजागरीला तेल पाजलं. हातपंपाच्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या. आईनं खोकल्यासाठी एक जुनं फडकं कमरेला खोचलं. उबळ आली की त्याचा बोळा तोंडात धरायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि मला डोळा मारायची. म्हातारपणी तोंड दाबून बुक्क्यांचा मार, म्हणायची.

राहिली साळुंकी.

साळुंकी म्हणजे माझी भाची. शाळेत जायच्या वयाची अजून व्हायचीच होती. तिला साळुंकी आईनंच म्हटलेलं, कारण पोरीचं तोंड मिटतच नसे. झोपेतसुद्धा बडबडायची. कोंबड्या मारल्या त्या दिवशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा तिच्या आईनं आपल्या एका पांढऱ्या मोज्याची कोंबडी करून दिली. बटणांचे डोळे, तांबड्या चिंधीचा तुरा. हात आत घातला की चोच उघडायची. कोंबडीबाई तिचं नाव. पोर तिला उशाशी घेऊन झोपायची.

मग एकदा घोडेवालीच्या धड्याला गंमत म्हणून भावजयीनं ती कोंबडीबाई आत नेली, आणि त्या दिवशी तारे धो धो पडले. तेव्हापासून कोंबडीबाई आतच राहायला गेली.

"आई ह्यांच्याशी खेळते," साळुंकी मला म्हणाली. दारात बसून ती आतलं ऐकत होती. "माझ्याशी कधी खेळणार?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी ती दमलेली असते."

 खोटं थोडंच होतं ते.

एका दुपारी माझं काम लागलं नव्हतं म्हणून मी घरीच होते, अंगण झाडत होते. तेवढ्यात आतलं हॅलोचं गाणं ऐकून साळुंकीला राहवलं नाही. तिनं दार ढकललं आणि गाणं म्हणत, उड्या मारत आत शिरली. "मलापण! मलापण हॅलो!" म्हणाली. चादरीचं टोक तिच्या पायात आलं आणि चादर खाली. पडद्यावर घोडेवालीच्या आईला सगळं दिसलं. भिंतीवरचे ट्रे, कोपऱ्यातली दाण्याची रिकामी पोती, उघड्या दारातून पत्र्याची ओस शेड, आणि झाडू घेऊन उभी मी.

संध्याकाळी कंपनीतल्या वरच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, साखरेत घोळलेला. "तुम्ही खुराड्यातून शिकवता का हो? नाही, पालकांनी विचारलंय म्हणून विचारते." भावजय हसत हसतच "सॉरी मॅम" म्हणत होती. समोर पडदा नव्हता, कुणी बघत नव्हतं, तरी हसत होती. तो हसरा चेहरा तिच्या तोंडावर चिकटूनच बसला होता. घोडेवाली गेली. पुन्हा असं झालं तर सगळीच मुलं जातील, असं त्या बाईंनी साखरेतूनच सांगितलं.

भाऊ वखारीतून आला, त्याला कळलं. तो मारकुटा नाही, मी खोटं सांगणार नाही. पण त्यानं साळुंकीला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या तोंडावर आपला पंजा दाबला. ओंडके ओढून ओढून सालपटं निघालेला पंजा. "हे बंद! कळलं? आईचं काम गेलं तर खाशील काय? माती?" पोरीचे डोळे एवढे झाले.

"अरे सोड मेल्या, श्वास तरी घेऊ दे तिला!" मी ओरडले. आईनं त्याच्या दंडावर फटका मारला तेव्हा त्यानं हात काढला आणि बाहेर जाऊन रिकाम्या शेडमध्ये बसून राहिला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं साळुंकीला मांडीवर घेतलं आणि कोंबडीबाईत हात घातला. मी चहा गाळत होते, सगळं ऐकलं.

"साळुंके," कोंबडीबाई म्हणाली, "एक गुपित सांगू? मी ना, अंडी घातलीयत. आतल्या खोलीत. दाराला तांबडं फडकं लागलं की मी अंड्यांवर बसते. तेव्हा कुणी बोललं की अंड्याला तडा जातो. रडलं तरी तडा. हाक मारली तरी तडा. आणि तडा गेला की आतलं पिल्लू मरतं. तू राखण करशील का माझी?"

साळुंकीनं श्वास रोखून मान हलवली.

"फडकं खाली आलं की मी उठते. मग हवं तेवढं बोलायचं. आणि जितक्या वेळा राखण करशील तितके तारे." भावजयीनं चकचकीत कागदाचे तारे कापून ठेवले होते. पहिला तारा तिनं चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला.

भाऊ जे पंज्यानं करू शकला नाही ते तिनं मोज्यानं करून दाखवलं. हाडाची शिक्षिका ती. दोन-चार दिवसांत पोर अशी शिकली की बघत राहावं. फडकं लागलं की उंबऱ्यावर राखणीला बसायची, ओठांवर बोट. एकदा मुंगळा कडकडून चावला, पायाला रक्त आलं. पोरीनं डोळे गच्च मिटले, आपला दंड दातांत धरला, पण ब्र काढला नाही. मला कौतुक वाटलं आणि भीतीही.

"चांगलं नाही हे," आई म्हणाली. "घरात लेकरू आणि आवाज नाही, हे काही चांगलं नाही."

"मग तारे तू पाडणार आहेस का?" मी म्हटलं.

 फडकं खाली आलं की दोघी आजी-नात मागे पंपाजवळ जाऊन बसायच्या आणि साठलेलं सगळं बोलून टाकायच्या. साळुंकी इतक्या घाईनं बोलायची की अर्धे शब्द गिळायची. भावजय दोन धड्यांच्या मधे थोडा वेळ फडकं उतरवून बाहेर यायची, घटाघटा पाणी प्यायची, पोरीच्या केसांतून हात फिरवायची आणि पुन्हा आत. तेवढ्या वेळातलं पोरीचं बोलणं. पुढे पुढे तेही कमी झालं. फडकं खाली असतानाही ती एकदम थांबायची आणि दाराकडे बघायची.

तिकडे भावजयीला एक नवा मुलगा मिळाला होता. कुठल्याशा थंड मुलखातला. घरातसुद्धा लोकरी टोपी घालून बसायचा. तो बोलतच नसे. इंग्रजी तर सोडाच, आपल्या आईशीही फार बोलत नाही म्हणे. आधीच्या मास्तरणींनी हात टेकले होते. वरच्या बाईंनी सांगितलं, ह्याला बोलता केलंत तर मागचं सगळं विसरू. भावजयीनं शोधून काढलं की त्याला बेडूक आवडतात. मग काय, तिनं कागदाचे बेडूक केले, मातीचे केले. बेडूक ह्या डबक्यातून त्या डबक्यात उडतो, पण "जंप" म्हटल्याशिवाय उडत नाही. मुलगा नुसता बघायचा. ही रोज नव्यानं मांडायची. रात्री जेवताना मला म्हणाली, "वन्सं, त्याचे ओठ हलले आज. आवाज नाही आला. पण हलले."

तिचा चेहरा इतका फुलला होता की मला साळुंकीचं काही बोलवेना. पोर शेजारीच बसली होती, घास चावत, गप्प.

तो दिवस कडक उन्हाचा होता. भाऊ वखारीत, मी रोपवाटिकेत. मातीच्या पिशव्या संपल्या म्हणून मुकादमानं आम्हाला लवकरच हाकललं. नखांत माती, कंबर धरलेली, मी पाय ओढत घरी आले. बिनआवाजाचं फाटक उघडलं. उंबऱ्यावर साळुंकी बसली होती, फडकं दाराला होतं. आतून भावजयीचं हसू येत होतं, टाळ्या येत होत्या. तसं मोकळं हसू मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

साळुंकी मला बघून उठली. ओठांवर बोट ठेवलं. मग माझं बोट धरलं आणि मला ओढत मागे नेलं.

पंपाजवळ आई पडली होती.

एका अंगावर. तोंड एका बाजूला गेलेलं, एक डोळा अर्धा उघडा, घशातून घरघर. बादली उपडी पडली होती, पण भोवतालची माती खडखडीत कोरडी होती. सांडलेलं पाणी केव्हाच वाळून गेलं होतं.

आणि पोरीनं काय काय केलं होतं! आजीच्या डोक्याखाली आपली उशी सरकवली होती. ऊन लागू नये म्हणून दाण्याचं रिकामं पोतं ओढत आणून तिच्या अंगावर घातलं होतं. वाटीत पाणी आणून ठेवलं होतं. आईच्या हनुवटीवर ते पाणी लावल्याच्या खुणा होत्या. आईचं ते खोकल्याचं फडकं ओलं करून कपाळावर ठेवलं होतं. एवढ्याशा पोरीला जे जे सुचलं ते सगळं तिनं केलं होतं. फक्त हाक मारली नव्हती.

मी किंचाळले. "आई गं!" म्हणून जी किंचाळले तशी साळुंकी धावत आली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड दाबायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या, मान नाही नाही हलवत होती, आणि दाराकडे बोट दाखवत होती.

आत हसण्या-टाळ्यांत कुणालाच काही ऐकू गेलं नाही. ट्रे चांगले चिकटवले होते भावानं. मी जाऊन दारावर लाथ घातली.

भावजय वळली. पिवळा सदरा, पाय घमेल्यात, एका हातात कोंबडीबाई आणि तोंडभर हसू. पडद्यावर टोपीवाला मुलगा बोलत होता. भडाभडा बोलत होता, बेडूक उडवत होता, थांबतच नव्हता.

"वन्सं, बोलला तो!" ती म्हणाली. मग तिनं माझं तोंड बघितलं.

दूधवाल्याच्या गाडीत घालून आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. भाऊ वखारीतून तसाच, अंगभर भुसा घेऊन पळत आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. "केव्हा पडल्या? नक्की सांगा. त्यावर औषध द्यायचं की नाही ते ठरतं."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"हिला माहीत असेल," मी म्हटलं. साळुंकी भावजयीच्या कडेवर होती. "साळुंके, आजी केव्हा पडली गं?"

ती ओठ मिटून बसली.

"बोल ना बाळा," भाऊ म्हणाला. "बोल, डॉक्टर विचारतायत."

मान हलवली तिनं. नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. गडबडीत फडकं उतरवलंच नव्हतं. आमच्या दृष्टीनं धडा केव्हाच संपला होता, पण घरी दाराला ते तसंच लटकत होतं.

भावजयीलाही कळलं. तिचा पिवळा सदरा अजून अंगावर होता आणि कोंबडीबाई कमरेला खोचलेली होती, तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं हात आत घातला. आवाज तोच काढला, गमतीचा, चिवचिवा. "साळुंके, मी उठले बरं का! अंड्यांवरून उठले. आता बोलायचं. आजी केव्हा पडली?"

पोरीनं कोंबडीबाईकडे नीट बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पहिलं हॅलोचं गाणं चाललं होतं ना, तेव्हा."

पहिलं गाणं म्हणजे पहिल्या मुलाचं. दुपारचा पहिला धडा. त्यानंतर दुसरा, तिसरा, आणि मग बेडूकवाला.

"मधे मी बाहेर येते ना," भावजय म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "रोज येते मधे पाणी प्यायला. आज त्याच्यासाठी चिकणमातीचे नवे बेडूक करायचे होते, म्हणून मधल्या वेळात आतच बसले. आणि नंतर तो बोलायला लागला. वेळ संपली होती, पण तो बोलायला लागला, मग मी कशी बंद करू?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्या हातातल्या मोज्याकडे बघितलं. "लवकर आणलं असतं तर औषध देता आलं असतं," म्हणाल्या. "आता बघू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. बोलली नाही पुन्हा. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, ती एक शब्द न बोलता गेली.

माणसं आली, गेली. सगळं उरकून घरात आम्ही चौघंच उरलो तेव्हा साळुंकी भावजयीजवळ गेली. आल्यापासून तिला विचारायचं होतं, मला दिसत होतं. ती कुजबुजली, "आई, अंडी फुटली का?"

"नाही."

"आत्या ओरडली होती. मी तोंड दाबलं तिचं. मी अजिबात बोलले नाही. आजीनं हात हलवला तरी नाही बोलले." मग म्हणाली, "माझा तारा?"

भाऊ उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं भावजय आता फुटेल, कोसळेल. ती उठली. डब्यातून तारा काढला. तिच्या चेहऱ्यावर ते पडद्यावरचं हसू आलं, अगदी तसंच्या तसं, गाल वर, डोळे मोठे. "व्हेरी गुड," म्हणाली, आणि तारा चुलीजवळच्या भिंतीवर बाकीच्यांच्या रांगेत चिकटवला. आणि मग तशीच, भिंतीला कपाळ टेकून, उभी राहिली.

वरच्या बाईंचा फोन आला. तुमचं दुःख आम्हाला समजतं, पण टोपीवाल्या मुलाची आई फार खूश आहे, मुलगा रोज तुमची वाट बघतोय, जास्त दिवस थांबलं तर त्याला दुसरीकडे द्यावं लागेल. भावाला वखारीनं त्याच आठवड्यात पुन्हा फाटकातून परत पाठवलं होतं. माझ्या रोपवाटिकेत माती नव्हती. भावजयीनं कुणाला विचारलं नाही. तिनं पिवळा सदरा धुऊन वाळत घातला, एवढंच.

धड्याचा पहिला दिवस. घमेल्यात पाणी भरलं, पाय सोडले, दार लावून घेतलं. फडकं लावायचं तिला सुचलं नाही, की तिनं लावलं नाही, मी विचारलेलं नाही. भाऊ आणि मी अंगणात बसलो होतो. साळुंकीनं दाराकडे बघितलं. खिळा मोकळा होता. तिनं खुंटीवरचं फडकं काढलं, टाचा उंचावल्या आणि लावलं.

भाऊ ताडकन उठला. त्यानं फडकं ओढून काढलं, खाली फेकलं आणि पोरीपुढे गुडघ्यांवर बसला. "बोल," म्हणाला. "साळुंके, बोल गं. मोठ्यानं बोल. ओरड हवी तेवढी. बाबा काही म्हणणार नाही. जाऊ दे काम, खड्ड्यात जाऊ दे. एक हाक मार फक्त." त्याचा आवाज चढत चालला होता, तो रडत होता. पोरीनं घाबरून त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. तो पुन्हा बोलायला गेला तर दुसरा ठेवला, आणि दाबून धरला. त्याच्याच सारखा, घट्ट.

तो गप्प होईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. मग फडकं उचललं, झटकलं, टाचा उंचावून पुन्हा खिळ्याला लावलं आणि उंबऱ्यावर राखणीला बसली. आत हॅलोचं गाणं सुरू झालं होतं. टोपीवाला मुलगा मोठमोठ्यानं म्हणत होता, आणि भावजय त्याला साथ देत होती.

माझ्या घशात हुंदका आला. साळुंकीनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. माझ्या कमरेला आईचं ते खोकल्याचं फडकं होतं, त्या दिवसापासून मीच खोचत होते. मी त्याचा बोळा केला आणि तोंडात धरला.